सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, आणि पहिल्या स्कूबाआधी समजून घ्यायच्या बाकीच्या गोष्टी

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरलं की आमच्या घरच्या ग्रुपवर कोणीतरी स्कूबाचा विषय काढतंच, आणि मी गेली काही वर्षं डाईव्ह करते म्हणून सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. यंदा भाच्याने विचारलं, "मावशी, खाली गेल्यावर सिलिंडरमधला ऑक्सिजन संपला तर काय करायचं?" प्रश्न बरोबर आहे, भीती पण खरी आहे, फक्त त्यातला एक शब्द चुकलाय आणि तो का चुकलाय हे कळलं की स्कूबा निम्मं तरी कळलं असं मी म्हणेन. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. साधी हवा असते, तुम्ही आत्ता घेताय तीच, गाळून कोरडी केलेली आणि दाबून भरलेली, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. उलट शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी खाली गेलं तर साधारण ६ मीटरनंतर तोच ऑक्सिजन विषारी ठरू शकतो, माणसाला फिट येऊ शकते, आणि पाण्याखाली फिट येणं म्हणजे तोंडातली नळी सुटणं. आता वरती जो ऑक्सिजन दवाखान्यात जीव वाचवतो तोच खाली जीवघेणा कसा होतो? तर दाबामुळे. स्कूबातली जवळजवळ प्रत्येक सूचना, प्रत्येक 'हे करू नका', शेवटी या दाबाशीच येऊन थांबते, म्हणून आधी तो समजून घेऊ.

आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे मालवणला जायचं म्हणजे गगनबावड्याचा घाट उतरायचा. घाटात कानाला दडे बसतात, पोरं जांभया देतात, आवंढे गिळतात, आणि परत येताना घाट चढत असलो की वेफर्सचं बंद पाकीट टम्म फुगलेलं असतं. समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा जो दाब असतो त्याला साधारण १ बार म्हणतात, आणि कोल्हापूरच्या उंचीला, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास, तो फार तर सहा-सात टक्क्यांनी कमी होतो. एवढ्याशा फरकाने कान बंद पडतात. आता पाणी हवेपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे समुद्रात फक्त १० मीटर खाली गेलं की अजून १ बार वाढतो. म्हणजे दाब थेट दुप्पट. २० मीटरला तिप्पट, ३० ला चौपट. घाटातला सगळा फरक पाण्यात साठ-सत्तर सेंटिमीटरमध्येच होऊन जातो, तुमचं डोकं नुकतं पाण्याखाली गेलेलं असतं आणि कानांनी घाट उतरलेला असतो.

दाबाने पाण्याचं काही होत नाही, आपलं शरीर बहुतांश पाणीच आहे त्यामुळे हातपाय काही चिरडत नाहीत, खाली गेल्यावर अंग दाबल्यासारखं वाटतसुद्धा नाही. दबते ती हवा. वरती ४ लिटरचा फुगवलेला फुगा १० मीटरवर नेला तर २ लिटरचा होतो, ३० मीटरवर १ लिटरचा. आणि वर आणला की परत ४ लिटर. हे १६६२ साली रॉबर्ट बॉईलने मांडलं आणि शाळेत आपण सगळ्यांनी मार्कांसाठी पाठ केलंय. यात नीट बघा, सगळ्यात मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो, तिथेच फुगा निम्मा होतो. त्यामुळे 'पाच मीटरच तर जायचंय, त्यात काय' हे जे बोललं जातं ना, ते मला अजिबात पटत नाही. नवशिक्याला त्रास होतो तो बहुतेक याच पाच-सात मीटरमध्ये. आपल्या शरीरात असे फुगे ठरलेले आहेत: कानाच्या पडद्यामागची पोकळी, नाकाभोवतीच्या सायनसच्या पोकळ्या, फुप्फुसं, आणि चेहऱ्यावर मास्क लावला की मास्कच्या आतली हवा. या चार फुग्यांची काळजी घेणं म्हणजेच स्कूबा शिकणं.

कानापासून सुरू करते कारण माझा स्वतःचा पहिला अनुभव कानाचाच आणि वाईट होता. सात-आठ वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव सांगत नाही) बोटीवर पाच मिनिटांत माहिती सांगितली, त्यात कानाबद्दल 'दुखलं तर नाक दाबा' एवढंच वाक्य होतं. मी खाली जाताना दुखायला लागेपर्यंत थांबले, मग नाक दाबून जोर लावला, काही झालं नाही, अजून जोर लावला. वर आल्यावर तीन दिवस कानात कापूस घातल्यासारखं वाटत होतं आणि डॉक्टरांनी पडदा लालभडक झालाय म्हणून सांगितलं. चूक कुठे झाली ते नंतर कोर्स केला तेव्हा कळलं. पडद्यामागच्या पोकळीतून घशाकडे एक बारीक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब, ती एरवी मिटलेली असते आणि जांभई दिली, गिळलं की क्षणभर उघडते. खाली जाताना बाहेरून पडदा आत दाबला जातो, तेव्हा या नळीतून आत थोडी हवा सोडली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो. पण तुम्ही उशीर केलात तर दाबामुळे नळीचं तोंडच आवळून बसतं आणि मग कितीही जोर लावा, उघडत नाही. म्हणून दुखायची वाट बघायचीच नाही.

पाण्याच्या वरच असताना एकदा कान मोकळे करायचे आणि मग प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला, दुखो न दुखो, करत राहायचं. पद्धत सोपी आहे, मास्कवरून नाकाच्या दोन्ही बाजू चिमटीत धरा, तोंड मिटलेलं ठेवा आणि नाक शिंकरतो तसा हलका दाब द्या, हलकाच, कानात 'टक्' असा आवाज येतो किंवा काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. याला वाल्साल्व्हा म्हणतात, अंतोनियो वाल्साल्व्हा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून. काही जणांना नाक धरून आवंढा गिळला की जास्त पटकन होतं, दोन्ही करून बघा. नाही झालं तर तिथे लढत बसायचं नाही, अर्धा मीटर वर या, परत करा, मग खाली. पाय खाली आणि डोकं वर ठेवून, नांगराचा दोर धरून हळूहळू उतरलं की हे सगळ्यात सोपं जातं. घरी आरशासमोर आठवडाभर सराव केलात तर फार फरक पडतो, मी आता सगळ्यांना तेच सांगते.

आणि सर्दी असेल तर डाईव्ह रद्द. बुकिंगचे पैसे गेले तरी रद्द. सर्दीत ती नळी सुजून बंद झालेली असते आणि गोळी घेऊन ती तात्पुरती उघडली, तरी खाली असताना गोळीचा असर उतरला तर आत अडकलेली हवा वर येताना फुगते आणि बाहेर पडायला वाट नसते. खाली जाताना दुखलं तर वर येता येतं, पण वर येताना दुखायला लागलं तर जाणार कुठे?

मास्कचं उत्तर त्यामानाने सोपं. आतली हवा दबली की मास्क चेहऱ्याला शोषून घेतो, डोळ्यांभोवती लाल वण उठतात, तर मधूनमधून नाकातून थोडी हवा आत सोडायची की झालं. म्हणूनच पोहण्याचा गॉगल स्कूबाला चालत नाही, त्यात नाक बाहेर असतं. मास्कच्या कडेखाली केसांची बट किंवा दाट मिशी आली की पाणी शिरतंच, केस नीट मागे घ्या. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का हे आधी फोनवर विचारून ठेवा. थोडं पाणी आलं तर घाबरायचं नाही, मास्कची वरची कड कपाळाला दाबून धरायची, मान जरा वर करायची आणि नाकातून लांब उच्छ्वास सोडायचा, पाणी खालच्या कडेने निघून जातं. नवख्या माणसाला नाकाला पाणी लागलं की सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याची सवय घरीच करता येते. बादलीत पाणी घ्या, तोंडात स्नॉर्कल धरा आणि मास्क न लावता चेहरा पाण्यात घालून दोन मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. पहिल्या दहा सेकंदांत डोकं वर काढावंसं वाटतं. चौथ्या-पाचव्या वेळेला नाक आपोआप गप्प बसायला शिकतं.

आता फुप्फुसं, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण जीवावर बेतणारी गोष्ट ही आहे.

लहानपणी आम्ही आजोळच्या विहिरीत तळाची माती आणायची पैज लावायचो. खोल श्वास भरून घ्यायचा, तो रोखून धरायचा आणि बुडी मारायची. तळाला कान ठणकायचे, मूठभर चिखल घेऊन वर यायचो. यात छातीतला फुगा वरून भरून नेलेला असतो, तळाशी तो आकसतो आणि वर आलं की होता तेवढाच होतो, त्याहून मोठा कधी होत नाही. स्कूबात तुम्ही श्वास खाली घेताय. १० मीटरवर तुम्ही छाती भरून घेतली ती दुप्पट दाबाची हवा आहे. ती ४ लिटर हवा रोखून धरून तुम्ही वर निघालात तर पृष्ठभागाला तिला ८ लिटर जागा पाहिजे. छातीत तेवढी जागा नाही. फुप्फुसातल्या बारीक पिशव्या फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि रक्तवाहिनीतून मेंदूपर्यंत पोचू शकतात. आणि यासाठी फार खोल जावं लागत नाही, छाती गच्च भरून श्वास रोखला असेल तर दीड मीटरसुद्धा पुरतो, म्हणजे स्विमिंग पूलमध्येही हे होऊ शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम जगभर एकच शिकवतात, श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहा, सोडत राहा. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारं तोंडात धरायचं यंत्र, तोंडातून सुटला असेल तेव्हासुद्धा ओठांतून 'आSS' करत बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

गंमत अशी की ज्यांना पोहता येत नाही त्यांना हे लवकर जमतं आणि विहिरीत, नदीत वाढलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना उशिरा, कारण डोकं पाण्यात गेलं की श्वास धरायचा ही त्यांच्या अंगात मुरलेली सवय असते. तुम्ही तसे असाल तर इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा. प्राणायाम करणाऱ्यांना मी एका वाक्यात सांगते, पूरक आणि रेचक चालू ठेवा, कुंभक बंद. वर येतानाही हळू यायचं, मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग नको, आपल्याच सगळ्यात बारीक बुडबुड्यांना मागे टाकून पुढे जायचं नाही हा जुना अंदाज अजून कामाला येतो.

मुळात पाण्याखाली श्वास घेता येतो कसा हेही जरा बघू. लहान मुलं विचारतात की लांब नळी तोंडात धरून खाली बसलं तर? नाही जमत. एखाद मीटर खाली गेलं तरी छातीवर पाण्याचा दाब असतो आणि नळीत वरची पातळ हवा, तेवढ्या दाबाविरुद्ध छाती फुलवायची ताकद आपल्या स्नायूंत नाही. पाण्याचा दाब जेवढा असेल नेमक्या तेवढ्याच दाबाची हवा मिळाली तरच श्वास सहज होतो, आणि रेग्युलेटर करतो ते एवढंच. टँकमधल्या २०० बारच्या हवेला तो आजूबाजूच्या पाण्याच्या दाबावर आणून, तुम्ही ओढाल तेव्हाच आणि ओढाल तेवढीच देतो. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ या दोघांनी हे तंत्र बसवलं आणि तिथून आजचं स्कूबा सुरू झालं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते, हवा संपली तर. नेहमीची ॲल्युमिनियमची टँक साधारण ११ लिटरची, २०० बारला भरली की तिच्यात २२०० लिटर हवा मावते. नवखा माणूस वरती मिनिटाला २० लिटर वापरतो असं धरा. १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते म्हणजे मिनिटाला ४०, २० मीटरवर ६०. शेवटचे ५० बार शिल्लक ठेवूनच वर यायचं असतं, ते सोडले तर हाताशी १६५० लिटर, म्हणजे १० मीटरवर साधारण ४० मिनिटं आणि २० मीटरवर सत्तावीस. मालवणला पहिल्यांदा येणाऱ्याला पंधरा-वीस मिनिटंच खाली ठेवतात, त्यामुळे हवा संपण्याची वेळ सहसा येत नाही. शिवाय इन्स्ट्रक्टरकडे एक जादा रेग्युलेटर असतो, बहुतेक पिवळ्या रंगाचा, तो खास तुमच्यासाठीच आहे. हवा किती उरलीय ते दाखवणारं गेज कुठे लटकतंय आणि तो पिवळा कुठे आहे हे बोटीवरच हात लावून बघून घ्या, खाली शोधायची वेळ येऊ देऊ नका.

खरा प्रश्न वेगळाच असतो, टँक भरलेली असताना हवा संपल्यासारखं वाटतं त्याचा. हे खूप जणांना होतं आणि ते इन्स्ट्रक्टरला खुणा करतात की हवा येत नाहीये, गेज बघितलं तर १६० बार. होतं काय, की घाबरल्यावर आपण वरवरचे, भराभर श्वास घेतो, आत घेतो पण पूर्ण सोडत नाही, आणि शरीरात कार्बन डायऑक्साईड साठत जातो. दम कोंडल्याची जी भावना आहे ती मुख्यतः या कार्बन डायऑक्साईडमुळे येते, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नाही. त्यावर अजून जोरात हवा ओढणं हा उपाय नाहीच, उपाय सोडण्यात आहे. हातपाय मारणं थांबवा, इन्स्ट्रक्टरचा हात धरा आणि लांब, अगदी पोट आत जाईपर्यंत उच्छ्वास सोडा, चार-पाच वेळा. मी दोन वेळा या अवस्थेतून गेलेय, एकदा अंदमानात स्वराज द्वीपला प्रवाहाविरुद्ध पोहून दमले होते तेव्हा, आणि दोन्ही वेळा एका दगडापाशी नुसती थांबून बुडबुड्यांचा आवाज ऐकत राहिले, अर्ध्या मिनिटात सगळं जागेवर आलं. अर्ध्या मिनिटानेही नाही आलं तर वर जायची खूण करा, त्यात कमीपणा काही नाही.

खुणांमध्ये एक घोळ आपल्याकडे हमखास होतो. अंगठा वर म्हणजे आपल्यासाठी 'मस्त, भारी'. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर जायचंय' इतकाच, आणि तो बघितल्यावर समोरच्याने वाद न घालता वर न्यायचं असतं. माझ्या पहिल्या कोर्समध्ये बरोबरच्या एका मुलाने कासव दिसल्याच्या आनंदात दोन्ही अंगठे वर केले, आणि इन्स्ट्रक्टरने त्याची डाईव्ह तिथेच संपवून त्याला वर नेलं, अगदी बरोबर केलं. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करून बाकी तीन बोटं सरळ. काही बिनसलं असेल तर पंजा आडवा धरून डुगडुग हलवायचा आणि जिथे त्रास आहे तिथे बोट दाखवायचं, कान तर कान. कॅमेऱ्यासमोर पोज द्यायची तर तो गोलच दाखवा.

तरंगण्याचं शास्त्र कोर्स करणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे, एकदाच जाणाऱ्याचं जॅकेट इन्स्ट्रक्टर सांभाळतो, तरी थोडं सांगते. पाण्यात ना बुडायचं ना वर जायचं, मधल्या मध्ये लटकून राहायचं हे ध्येय. त्यासाठी कमरेला शिसं आणि अंगात हवा भरता येणारं जॅकेट, आणि बारीक फरक आपल्या श्वासाने करायचा. श्वास घेतला की एक-दोन सेकंदांनी शरीर थोडं वर जातं, सोडला की खाली येतं. तो उशीर न कळल्यामुळे नवशिके घाईने जॅकेटमध्ये हवा भरतात, मग वर जायला लागतात, मग सगळी सोडतात आणि तळावर आदळतात. दोन सेकंद थांबा, एवढंच त्याचं उत्तर. आणि शिसं जास्त लावू नका. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली, टँकमधल्या हवेला पण वजन असतं, २२०० लिटर म्हणजे जवळजवळ अडीच किलो, त्यामुळे डाईव्हच्या शेवटी तुम्ही दोनेक किलोने हलके झालेले असता आणि सुरुवातीला बरोबर वाटलेलं वजन शेवटी कमी पडू शकतं. तळावर आदळणं हा फक्त आपला प्रश्न नाही, प्रवाळाला एक लाथ लागली की वर्षानुवर्षांची वाढ तुटते. मालवणचा काही समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, हात लावू नका, उभे राहू नका, आणि फोटोसाठी माशांना पाव घालायला कोणी सांगितलं तर सरळ नको म्हणा.

आणि एक, पाण्यात वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसतात, म्हणून हात पुढे केला की दोर हाताला लागत नाही, गांगरू नका. लाल रंग पाच-सहा मीटरलाच विझायला लागतो, म्हणून घरच्यांचे फोटो निळेहिरवे येतात, कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो.

कुठे जायचं हे लोक फार विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा जाताना मासे किती दिसतील त्यापेक्षा शिकवणारा किती वेळ देतो ते बघा. मालवणला ऑक्टोबर ते मे हंगाम असतो, पावसाळ्यात बंद, आणि पाणी बऱ्याचदा गढूळ, चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही अशा दिवसांची तयारी ठेवा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, तिथे पूलमध्ये शिकवून मग समुद्रात नेतात, ही पद्धत मला सगळ्यात बरी वाटते. गोव्यात ग्रँड आयलंड, कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी, आणि खरंच स्वच्छ पाणी बघायचं तर अंदमान किंवा लक्षद्वीप. पोहता येत नसलं तरी ट्रायल डाईव्ह करता येते, पण पुढे ओपन वॉटर कोर्स करायचा, म्हणजे १८ मीटरपर्यंत जायचं लायसन्स घ्यायचं, तर २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं यावं लागतं.

फोन करताना सरळ विचारा, खाली माझ्याबरोबर एकाला एक इन्स्ट्रक्टर असेल का, त्याच्याकडे इन्स्ट्रक्टर असल्याचं कार्ड आहे का, उथळ पाण्यात आधी सराव करून घेणार का, बोटीवर ऑक्सिजनचा किट आहे का. हो, इथे मात्र खराच ऑक्सिजन. तब्येतीचा फॉर्म देतात त्यात खोटं लिहू नका, दमा, हृदयाचा त्रास, फिट, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. दम्याचं कारण तुम्हाला आता ओळखता येईल, श्वासनलिका आवळलेली असेल तर हवा आत अडकते आणि वर येताना तोच फुगा फुगतो. बोटीत लाईफ जॅकेट सगळ्यांना आहेत का आणि माणसं किती कोंबलीत हेही बघा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला, पाण्याखाली काहीही झालेलं नव्हतं. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशी घेऊन बघा, काही गोळ्यांनी झोप येते. सकाळी पोटभर मिसळ नको, आदल्या रात्री दारू अजिबात नको, पाणी भरपूर प्या.

शेवटचा विषय नायट्रोजनचा, आणि तो नेमका आपल्या घाटाशी येऊन भिडतो. गोटी सोड्याची बाटली बघितलीय ना? गोटी बसलेली असते तोवर पाणी कसं शांत, एक बुडबुडा नाही. गोटी आत ढकलली की फस्स करून सगळा गॅस वर. गॅस आधीपासून पाण्यातच होता, दाबाने विरघळून राहिला होता, दाब सुटला आणि बुडबुडे झाले. खाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन असाच आपल्या रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो, जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आलं तर अंगातच बुडबुडे होतात, सांधे ठणकतात, अंगाला मुंग्या येतात, चक्कर, बधिरपणा, आणि फार वाईट झालं तर अर्धांग. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणणारे मजूर नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करून वर आले की असेच वाकडे व्हायचे, मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः त्याने आयुष्यभरासाठी अधू झाला आणि पुढची अनेक वर्षं त्याची बायको एमिली त्याच्या वतीने साईटवरचं काम बघत राहिली. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेनने बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली कोष्टकं काढली, आज मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर तोच हिशोब करतो. म्हणून कोर्सवाले वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबतात.

पण पाण्याबाहेर आलं म्हणजे नायट्रोजन संपला असं नसतं, तो पुढे कित्येक तास निघत राहतो, आणि तेवढ्यात तुम्ही उंचीवर गेलात तर दाब अजून कमी होतो, म्हणजे बाटलीची गोटी पुन्हा ढकलल्यासारखंच. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण २००० मीटर उंचीएवढा असतो, त्यामुळे एका डाईव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त केल्या तर निदान १८ तास विमान नाही, मी सरळ २४ तास धरते. सकाळी डाईव्ह आणि संध्याकाळी मोपा किंवा चिपीवरून फ्लाईट असे बेत लोक सर्रास करतात, नका करू. घाटाचं तसंच पण कमी. पाच मीटरवर पंधरा मिनिटं गेलेल्याच्या अंगात नायट्रोजन अगदी थोडा साठतो, त्याने दुपारभर आराम करून घाट चढला तर धोका फार कमी. पण दोन दिवस रोज दोन-तीन डाईव्ह मारून संध्याकाळी आंबोलीमार्गे निघायचं हे मला चालत नाही, कारण कोल्हापूर, पुणे ही गावं वरतीच आहेत, घाट चढलात की रात्रभर वरच राहणार. नंतर २४ तासांत सांधा उगीच दुखायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या किंवा कधी येत नाही इतका थकवा आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी काल स्कूबा केलंय' हेच सांगा, नाहीतर ते पाठीच्या दुखण्याची गोळी देतील. याचा खरा उपचार आधी शुद्ध ऑक्सिजन आणि मग दाबाच्या चेंबरमध्ये असतो, मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात तशी सोय आहे.

तर भाच्याला मी बेत असा आखून दिलाय. शुक्रवारी रात्री मालवणला पोचायचं आणि लवकर झोपायचं. शनिवारी सकाळी वारा पडलेला असताना डाईव्ह, दुपारी माशाचं जेवण, संध्याकाळी देवबागला फिरून यायचं आणि मुक्काम तिथेच. रविवारी नाश्ता करून गगनबावड्याने वर.